जुन्या कॅमेऱ्याची दुधी काच स्पिरिटने पुसू नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरातील जुन्या वस्तूंची निगा कशी राखावी यासंबंधीचा एक लेख गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाला. पितळी समया, सागवानी पेट्या आणि लंबकाची घड्याळे यांच्याविषयी त्यात जे सांगितले आहे ते उपयोगाचे आहे. परंतु लेखाच्या अखेरीस दोन लेन्सच्या जुन्या कॅमेऱ्याविषयी जी चार वाक्ये आहेत, ती वाचून मला स्वस्थ बसवले नाही. वरून पाहण्याची काच अंधूक झाली असेल तर हूड (वरचे घडीचे झाकण) काढून आतली काच आणि आरसा स्पिरिटच्या बोळ्याने चांगला घासून पुसावा, आणि तरीही चित्र उजळ दिसले नाही तर हल्ली मिळणारी कोणतीही नवी उजळ काच मापात कापून बसवावी, असा त्या वाक्यांचा आशय आहे. यांतला पहिला सल्ला कॅमेऱ्याचे दोन भाग कायमचे निकामी करणारा आहे. दुसरा सल्ला कॅमेरा वरवर सुधारल्यासारखा दाखवतो आणि पुढे त्यातली एकेक फिल्म वाया घालवतो.

माझ्या वडिलांचा सांगलीत गावभागात फोटो स्टुडिओ होता आणि मी स्वतः माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे हा कॅमेरा मी लहानपणी हातांनी ओळखला आणि पुढे त्यामागचे प्रकाशशास्त्र शिकवता शिकवता समजून घेतला. तरीही हे पत्र मी लिहिले नसते. पण हा लेख वाचून आमच्या शेजारच्या एका मुलीने तिच्या आजोबांचा यशिका कॅमेरा उघडला, लेखात सांगितल्याप्रमाणे सर्व काही केले आणि दुसऱ्या दिवशी ती सुटे भाग जेवणाच्या डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आली. दुधी काच सुखरूप होती. तिच्याखालच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे पसरले होते, आणि आरशाच्या मधोमध, बोळा जसा गोल फिरला तसा, मुलामा निघून नुसती काच उरली होती. तिने आळस केला नव्हता किंवा धसमुसळेपणाही केला नव्हता. छापून आलेले वाचून तिने ते मनापासून पाळले होते. म्हणूनच त्याची दुरुस्तीही छापून यावी, ही माझी आपणास विनंती आहे.

ज्यांनी हा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. समोर एकाखाली एक अशा दोन लेन्स असतात. खालची लेन्स फिल्मवर चित्र उमटवते. वरची लेन्स तेच दृश्य ४५ अंशांत कललेल्या आरशावर टाकते आणि आरसा ते वर वळवून एका दुधी काचेवर पाडतो. हूडमध्ये मान वाकवून आपण पाहतो ते चित्र या काचेवरचे असते, आणि एकाच आरशातून आल्यामुळे त्यात डावे-उजवे उलटलेले असते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ साली पहिला रोलायफ्लेक्स बाजारात आणला, म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल खुला झाला त्याच वर्षी, आणि पुढे जपानी यशिका, मिनोल्टा, मामिया यांनीही हीच मांडणी पत्करली. दोन्ही लेन्स एकाच पाटीवर बसवलेल्या असल्याने एकत्र पुढे-मागे सरकतात. लेन्सपासून आरशामार्गे दुधी काचेपर्यंतचे अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे असले, तरच काचेवर जे रेखीव दिसते ते फिल्मवर रेखीव येते. सगळा कॅमेरा या एका समानतेवर उभा आहे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व आपोआप उलगडेल.

आता पुसण्याविषयी. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्यात चित्र अंधूक दिसते याची कारणे बहुधा तीन असतात: दुधी काचेवर बसलेली धूळ आणि तेलकटपणा, वरच्या लेन्सच्या आतील बाजूस आलेले धुके किंवा बुरशी, आणि आरशाचा काळवंडलेला मुलामा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभाग-खणभागातल्या कितीतरी घरांत खालच्या फडताळांत ठेवलेले कॅमेरे भिजले किंवा महिनोन्‌महिने ओलीत राहिले. त्यांच्या काचांवर गाळाचा बारीक थर आहे. असा थर कोरड्या फडक्याने पुसला तर तो काचकागदासारखे काम करतो.

दुधी काच ही खरी काच असेल तर ती या सर्वांत सोशिक. हवेच्या रबरी फुग्याने आधी धूळ उडवावी, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून त्यात काच बुडवून ठेवावी, बोटांच्या पेरांनी हलकेच फिरवावे आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सुती कापडावर उभी वाळवावी. नळाच्या पाण्याचे थेंब वाळले की क्षाराचे ठिपके उरतात, म्हणून शेवटचे पाणी डिस्टिल्डच असावे. बॅटरीच्या दुकानात ते मिळते, मात्र आम्लाची बाटली हाती येत नाही ना एवढे पाहून घ्यावे. काचेवर चौकटीच्या रेषा रंगाने छापलेल्या असतील तर त्या बाजूला बोटही लावू नये, कारण त्या धुऊन जातात. धुतल्यानंतर काच कडांनीच धरावी. आपल्याकडच्या भडंगाच्या पुडीच्या कागदावर तेल लागले की तेवढा कागद पारदर्शक होतो, हे सांगलीत कोणाला सांगायला नको. दुधी काचेच्या खरबरीत बाजूवर बोटाचा ठसा उमटला की नेमके तेच घडते. काचेवरचे सूक्ष्म खळगे तेलाने भरतात, प्रकाश विखुरणे थांबते आणि तेवढ्या जागी चित्र धरलेच जात नाही. अनेकांना तो डाग उजळ दिसतो म्हणून बरा वाटतो, पण त्या जागेवर फोकस करता येत नाही.

प्लास्टिकच्या पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वर्तुळाकार खाचा असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीपगृहांसाठी जे चपटे भिंग योजले, त्याचेच हे लहान भावंड आहे. नुसत्या दुधी काचेत मध्यभाग उजळ दिसतो आणि कोपरे काळोखे, कारण कोपऱ्यांकडे जाणारा प्रकाश तिरका होऊन बाहेर निघून जातो. फ्रेनेलच्या खाचा त्याला वळवून पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे आणतात. हा पत्रा बहुधा अॅक्रिलिकचा असतो आणि स्पिरिट, सॅनिटायझर, अॅसिटोन, थिनर यांपैकी कशाच्याही स्पर्शाने त्यात भेगा पडू शकतात. त्या भेगा भरून येत नाहीत. त्याला साबणाच्या पाण्यात भिजू द्यावे, खाचांच्या दिशेने अतिशय मऊ कुंचला फिरवावा, डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि फुग्याने थेंब उडवावेत. कापड लावूच नये. खाचांत अडकलेला कापसाचा तंतू मग भिंगातून तारेएवढा दिसतो.

आरशाविषयी मात्र मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्या हातून झालेले नुकसान आरशाचेच होते. आपल्या घरातील आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो आणि त्यावर रंगाचे अस्तर असते, त्यामुळे तो आपण बिनधास्त पुसतो. कॅमेऱ्यातील आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या पृष्ठावर असतो, उघडा. मागे मुलामा ठेवला तर काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही एक फिकट प्रतिबिंब येते आणि चित्राला सावली लागते, ते टाळण्यासाठी ही योजना असते. ओळखायची खूण सोपी आहे: काडीचे टोक आरशाच्या अगदी जवळ न्यावे, टेकवू नये, टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीएवढी फट न दिसता ती दोन्ही एकमेकांना भिडत असतील तर मुलामा पुढे आहे. मी नववीत असताना वडील एका लग्नाला गेले होते आणि मी स्टुडिओतला दुसरा कॅमेरा उघडून आरसा हातरुमालाने लखलखीत करायला घेतला. रुमालावर काळपट राखाडी डाग आला तेव्हा मला वाटले, मळ निघतो आहे. वडिलांनी परत आल्यावर तो रुमाल पाहिला आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी रुमाल घडी करून टेबलाच्या खणात ठेवला आणि तो कित्येक वर्षे तिथेच होता. तेव्हापासून मी आरशाला फुग्याच्या हवेखेरीज काही लावत नाही. त्यावर बुरशीच बसली असेल तर डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेला कापूस स्वतःच्या वजनाने एकदाच ओघळत नेणे, एवढीच कमाल मर्यादा. दाब अजिबात नको आणि उलटसुलट घासणे तर नकोच.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे, म्हणजे काच बदलण्याकडे वळतो. लेखकाने ‘कोणतीही काच मापात कापून’ असे म्हटले आहे आणि मापात त्यांनी फक्त लांबी-रुंदी धरली आहे. या कामात खरे माप जाडीचे, आणि त्याहून अधिक खरबरीत बाजू नेमकी कोणत्या पातळीवर बसते याचे आहे. मिरजेचे सतारमेकर जवारी काढताना घोडीच्या पृष्ठावरून कानस किती हलक्या हाताने फिरवतात आणि दर वेळी तार छेडून कान देतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. तिथे केसभर फरकाने नाद बदलतो, इथे केसभर फरकाने फोटोतले डोळे धूसर होतात. ८० मिमी लेन्स ३.५ या पूर्ण उघड्या छिद्रावर (अॅपर्चरवर) वापरली तर फिल्मच्या जागी चूक खपण्याची मर्यादा फार तर ०.१५ ते ०.२ मिमी असते.

सर्वांत जास्त घडणारी चूक काच उलटी बसवण्याची आहे. एकटी दुधी काच असेल तर तिची खरबरीत बाजू खाली, आरशाकडे असते. दीड मिमी जाडीची काच चुकून खरबरीत बाजू वर करून बसवली, तर काचेतून जाणारा प्रकाश वळत असल्यामुळे प्रत्यक्ष परिणाम दीड मिमीचा न होता साधारण १ मिमीचा होतो. पण तेवढाही पुरेसा घातक आहे. वरून जवळचे पाहताना काहीच बिघडलेले जाणवत नाही, चित्र रेखीवच दिसते. मात्र २ मीटरवर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस केला तर फिल्मवर रेखीव येते ती जागा सुमारे ८२ सेंमी पलीकडची, म्हणजे डोळे धूसर आणि मागची भिंत लख्ख. दूरचा डोंगर तर काचेवर स्पष्ट होतच नाही: लेन्स पूर्ण मागे नेली तरी काचेवर फार तर साडेसहा मीटरवरचे रेखीव दिसते. माझ्याकडे असे कॅमेरे दाखवायला आणणाऱ्या बहुतेकांनी लेन्सला दोष दिलेला असतो आणि लेन्स मुळात निर्दोष असते.

त्या मुलीच्या यशिकामध्ये फ्रेनेलचा पत्रा दुधी काचेच्या खाली होता. तो भेगाळल्यामुळे काढून टाकला तर काच १ मिमी खाली उतरणार होती. अशा वेळी १ मिमीचीच पट्टी खाली घालावी असे कोणालाही वाटेल, परंतु ते बरोबर नाही. प्लास्टिकचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असल्यामुळे १ मिमी प्लास्टिक प्रकाशाच्या दृष्टीने ०.६७ मिमी हवेएवढेच असते. म्हणून चार कोपऱ्यांत ०.६७ मिमीचा आधार हवा होता. ३५ मिमी फिल्मच्या जुन्या निगेटिव्हची जाडी साधारण ०.१३ मिमी असते, तेव्हा व्हर्नियरने मोजून पाच थरांच्या चिकटपट्ट्या केल्या आणि त्या चौकटीच्या ओठावर बसवल्या. कोपरे आता पूर्वीपेक्षा काळोखे दिसतात, पण कॅमेरा खरे बोलतो. आरसा मात्र बदलावाच लागेल, आणि तो पुढून मुलामा असलेला व मूळच्याच जाडीचा हवा, कारण आरसा पाठीवर टेकून बसत असेल तर त्याची जाडी अर्ध्या मिमीने वाढताच प्रकाशाच्या वाटेत सुमारे ०.७ मिमीचा फरक पडतो. साध्या आरशाचा तुकडा लावून वेळ भागवू नये.

तयार मिळणाऱ्या उजळ काचांना माझा सरसकट विरोध नाही. त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेल्या असतील तर उपयोगी पडतात. पण अतिशय बारीक पोताची काच जितकी उजळ, तितकी ती फोकसच्या बाबतीत फसवी असू शकते: चित्र काचेवर न थांबता आरपार जाऊ लागते, आपला डोळा स्वतःच ते जुळवून घेतो आणि फोकसचा नॉब बराच फिरवला तरी सगळे रेखीवच भासते. स्टुडिओत वडील जुनी जाड पोताची काचच पसंत करत, आणि त्यांची पसंती का होती हे मला पुढे भौतिकशास्त्रातून पटले. ज्यांना काच घरीच तयार करायची आहे त्यांनी चष्म्याच्या दुकानातून किंवा फोटो-फ्रेमवाल्याकडून मूळ जाडीची काच कापून घ्यावी, तिच्यावर कार्बोरंडमची बारीक पूड आणि पाणी घालून दुसऱ्या काचेने गोल गोल घासावी आणि शेवटाकडे आणखी बारीक पूड वापरावी. पूड कायम ओली असावी, कोरडी भुकटी श्वासात जाता कामा नये. तासाभराच्या कामात उत्तम दुधी काच होते. मी ती शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांकडून करून घेत असे. लुबिटेलसारख्या साध्या रशियन कॅमेऱ्यांची काच बदलण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण त्यांच्यात वर साधे भिंग असून मधोमध फक्त एक लहानसे दुधी वर्तुळ असते.

कॅमेरा उघडताना बहुतेक यशिकांचे हूड चार छोट्या स्क्रूंनी बसवलेले आढळेल. रोलायफ्लेक्सच्या पुढच्या मॉडेलांत ते स्क्रू न काढताही निघते. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असा घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, आणि काच कोणती वर, कोणती खाली, खरबरीत बाजू कुठे, याचा प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत हा क्रम वेगळा असतो.

काम झाल्यावर तपासणी केल्याशिवाय फिल्म घालू नये, हे मी फार आग्रहाने सांगतो. मागचे झाकण उघडावे, फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते त्यांवर दुधी काचेचा तुकडा खरबरीत बाजू लेन्सकडे करून बसवावा, शटर ‘बी’वर (यात बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते) उघडे धरावे आणि छिद्र पूर्ण उघडावे. मग अर्धा किलोमीटर किंवा त्याहून दूरची, सरळ रेषा असलेली वस्तू पाहावी. मी सांगलवाडीच्या बाजूने नदीपलीकडचा मोबाइलचा टॉवर धरतो, त्याच्या लोखंडी पट्ट्या भिंगातून फार छान जुळतात. आधी खालच्या लेन्सचे चित्र रेखीव करावे आणि नॉबला हात न लावता वरून पाहावे. दोन्ही जुळली तर काम झाले. जुळली नाहीत तर काचेखालचा आधार कमी-जास्त करावा किंवा वरची लेन्स तिच्या आट्यांत किंचित फिरवून जुळवावी. खालच्या लेन्सला कधीही हात लावू नये, कारण तिचे आणि फिल्मचे नाते कारखान्यातच ठरलेले असते. त्यानंतर भिंतीवर आपल्याच वर्तमानपत्राचे एक पान लावून कॅमेरा त्याच्याशी तिरका ठेवावा, एका ठळक मथळ्यावर फोकस करून पूर्ण उघड्या छिद्रावर दोन-तीन फोटो घ्यावेत. १२० च्या एका रोलमध्ये १२ फोटो येतात, त्यांतले तीन या कामी गेले तर ते वाया गेले असे समजू नये.

दिवाळीची साफसफाई आता तोंडावर आली आहे. माळ्यावरचे आणि कपाटातले कॅमेरे याच दिवसांत खाली उतरतात, आणि तो लेख कापून जपून ठेवणारी घरे मी स्वतः दोन पाहिली आहेत. म्हणून त्या आधीच्या एखाद्या रविवारी, त्याच सदरात आणि त्याच जागी, स्पिरिटसंबंधीची व नव्या काचेसंबंधीची ती वाक्ये मागे घेत असल्याचे आपण छापावे. आणि ज्यांनी लेख वाचून आधीच बोळा फिरवला असेल त्यांना एवढेच कळवावे की काम तिथेच थांबवावे, आणखी पुसू नये, आणि भेगाळलेला पत्रा किंवा डागाळलेला आरसासुद्धा टाकून न देता कागदात गुंडाळून कॅमेऱ्यासोबतच ठेवावा, कारण नवा भाग बसवताना जाडी मोजायला तोच लागतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
गावभाग, सांगली